जुन्या मोटारसायकलींचे संग्रहालय : पाहणे आणि छायाचित्रे घेणे

इंग्लंडच्या मध्यभागी, बर्मिंगहॅम शहराच्या पूर्वेस, बिकनहिल नावाचे एक लहान गाव आहे. विमानतळ, रेल्वे स्थानक आणि प्रदर्शनांसाठी उभारलेली विस्तीर्ण दालने यांच्या शेजारी, हमरस्त्याला लागून, येथे मोटारसायकलींचे एक संग्रहालय उभे आहे. ‘नॅशनल मोटारसायकल म्यूझियम’ हे त्याचे नाव. बांधकाम व्यवसायात यश मिळवलेल्या रॉय रिचर्ड्‌स या गृहस्थांनी ते स्थापन केले आणि ऑक्टोबर १९८४ मध्ये ते लोकांना खुले झाले. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या मोटारसायकलींचाच संग्रह करावयाचा, हा नियम येथे आरंभापासून पाळला गेला आहे. आज या संग्रहात एक हजाराहून अधिक यंत्रे आहेत.

संग्रहालयासाठी ही जागा योग्य होती, हे नकाशा पाहिल्यास ध्यानात येते. बी.एस.ए. कंपनीचा प्रचंड कारखाना बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ भागात होता. नॉर्टनचा कारखानाही त्याच शहरात होता. ट्रायम्फ प्रथम कॉव्हेंट्रीत तयार होई. नोव्हेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात तो कारखाना बेचिराख झाल्यावर कंपनीने मेरिडन येथे नवा कारखाना बांधला. मेरिडन हे बिकनहिलपासून अवघ्या काही किलोमीटरांवर आहे. दक्षिणेस रेडिच येथे रॉयल एनफिल्ड होती, तर वायव्येस वुल्व्हरहॅम्प्टन येथे सनबीम आणि ए.जे.एस. यांचे कारखाने होते. एके काळी जगभर मोटारसायकली पाठवणारा हा सारा प्रदेश तासाभराच्या प्रवासात ओलांडता येतो.

परंतु संग्रहालय उघडले तेव्हा हे कारखाने थंडावले होते. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला. स्मॉल हीथमधील उत्पादन पुढील दशकात थांबले. मेरिडन येथे कामगारांनी सहकारी तत्त्वावर काही वर्षे काम चालू ठेवले, पण १९८३ मध्ये तेही संपले. ट्रायम्फ हे नाव पुढे हिंकली येथील नव्या कारखान्यात पुन्हा जिवंत झाले. तथापि जुन्या कारखान्यांतील सवयी, हत्यारे आणि हातांचे कसब एकदा पांगले ते पांगलेच. अशा वेळी यंत्रे सांभाळून ठेवणारे घर निर्माण झाले. त्यामुळे या संग्रहालयाचे महत्त्व केवळ हौसेपुरते उरत नाही.

भारतीय प्रेक्षकाला येथे एक अनपेक्षित ओळख पटते. रेडिचची ‘बुलेट’ १९५५ पासून मद्रास येथे जुळवली जाऊ लागली. तिचे भाग तयार करण्याची साधनेही नंतर भारतात आली आणि रेडिचचा कारखाना बंद झाल्यावरही मद्रासचे उत्पादन चालूच राहिले. १९७७ पासून तर हीच गाडी मद्रासहून ब्रिटनला निर्यात होऊ लागली. इंग्रज प्रेक्षक ज्या यंत्राकडे आजोबांच्या काळातील वस्तू म्हणून पाहतो, ते भारतीय प्रेक्षकाने आपल्या गावातील पोलीस ठाण्यासमोर उभे असलेले पाहिलेले असते.

यंत्राचे वय कसे ओळखावे

संग्रहालयात प्रथमच येणारा मनुष्य बहुधा गोंधळून जातो. रांगेमागून रांगा, टाक्यांवर सोनेरी अक्षरे, सर्वत्र चकाकी. दहा मिनिटांत सर्व गाड्या सारख्याच वाटू लागतात. काही खुणा माहीत असतील तर मात्र हा गोंधळ उरत नाही.

पहिली खूण म्हणजे चाकाला गती देण्याची रीत. अगदी आरंभीच्या मोटारसायकलीला गिअर नसत, क्लचही नसे. इंजिनाच्या कप्पीवरून एक चामडी किंवा रबरी पट्टा थेट मागील चाकाकडे जाई. गाडी सुरू करण्यासाठी स्वार ती ढकलत धावे आणि इंजिन चालू होताच उडी मारून बसे. चढावर सायकलीप्रमाणे पायंडे मारावे लागत. तेलासाठी टाकीजवळ एक हातपंप असे. काही किलोमीटर गेले की स्वाराने तो दाबावयाचा, हे विसरल्यास दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकून बसे.

दुसरी खूण टाकीची. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे टाकी चपटी, पेटीसारखी असून ती सांगाड्याच्या दोन आडव्या नळ्यांमध्ये बसवलेली असे. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती घोड्याच्या खोगिराप्रमाणे वरच्या नळीवर दोन्ही बाजूंनी बसू लागली आणि मोटारसायकलीला आज परिचित असलेला आकार आला. तिसरी खूण पुढील चाकाच्या आधाराची. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत चाकापुढे दांड्यांची चौकट आणि एक उघडी स्प्रिंग दिसते. महायुद्धानंतर तिच्या जागी एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या आल्या.

चौथी खूण चकाकीची आहे आणि ती सर्वांत फसवी आहे. क्रोमियमचा मुलामा १९२० च्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आला. त्यापूर्वी निकेलचा मुलामा देत. निकेलच्या चकाकीत किंचित पिवळसर ऊब असते, तर क्रोमियमची चकाकी निळसर आणि थंड असते. तेव्हा १९१२ सालची म्हणून दाखवलेली गाडी निळसर चकाकत असेल, तर तिच्यावर नंतर कोणाचा तरी हात फिरला आहे, असे समजावे.

एका गाडीचा इतिहास

संग्रहातील एका यंत्राची हकिगत विस्ताराने सांगण्यासारखी आहे. २८ मे १९०७ रोजी आइल ऑफ मॅन या बेटावर ‘टूरिस्ट ट्रॉफी’ नावाची मोटारसायकलींची शर्यत प्रथमच झाली. दोन सिलिंडरांच्या गाड्यांच्या गटात रेम फाउलर हा स्वार विजयी झाला. त्याची गाडी नॉर्टन कंपनीची होती; इंजिन मात्र फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचे होते. सुमारे २५४ किलोमीटरांचे अंतर पार करण्यास त्याला ४ तास २१ मिनिटे ५२ सेकंद लागले, म्हणजे सरासरी वेग ताशी सुमारे ५८ किलोमीटर पडला. रस्ते कच्चे व धुळीचे होते. वाटेत टायरने दगा दिला, प्लग पुनःपुन्हा बदलावे लागले. या विजयाने नॉर्टन हे नाव सर्वतोमुखी झाले.

ही गाडी पुढे बिकनहिलच्या संग्रहालयात आली. शंभर वर्षांच्या उंबरठ्यावर असलेले ते यंत्र सुरक्षित स्थळी पोहोचले, असेच कोणालाही वाटले असते.

१६ सप्टेंबर २००३ रोजी संग्रहालयाला आग लागली. नीट न विझवता टाकलेले सिगारेटचे थोटूक हे तिचे कारण ठरले. इमारतीत पाण्याचे फवारे सोडणारी स्वयंचलित योजना नव्हती. कर्मचारी आणि त्या वेळी तेथे असलेले लोक यांनी धुरात शिरून शेकडो गाड्या ढकलत बाहेर मोकळ्या जागेत आणल्या. तरीही पाच दालनांपैकी तीन दालने भस्मसात झाली आणि सुमारे ३८० मोटारसायकली आगीच्या तडाख्यात सापडल्या. फाउलरची नॉर्टन त्यांत होती.

आग मोटारसायकलीचे काय करते, हे समजून घेणे उपयुक्त आहे. मोटारसायकल एका धातूची नसते. जुन्या टाकीचे पत्रे कथलाच्या डाखाने जोडलेले असतात. हा डाख दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानाला वितळू लागतो आणि टाकी उकलते. महायुद्धोत्तर काळातील अनेक कार्ब्युरेटर जस्ताच्या मिश्रधातूचे आहेत. ते चारशे अंशांच्या आसपास ओघळतात. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, त्याचे मिश्रधातू त्याहूनही लवकर. म्हणून इंजिनाचा खालचा भाग, म्हणजे क्रँककेस, जमिनीवर थिजलेल्या डबक्याच्या रूपात सापडतो. पोलादी नळ्यांचा सांगाडा उरतो, पण वाकतो आणि त्याचा कणखरपणा कमी होतो. बिडाचे सिलिंडर बहुधा टिकून राहतात. रबर, चामडे आणि रंग यांचा तर मागमूसही राहत नाही.

यात आणखी एक हानी दडलेली आहे. इंजिनाचा क्रमांक सामान्यतः क्रँककेसवर ठोकलेला असतो. ॲल्युमिनियम वितळले की तो क्रमांक नाहीसा होतो आणि अमुक कारखान्यातून अमुक वर्षी निघालेले हेच ते इंजिन, असे म्हणण्याचा आधारही जातो. यंत्राचा देह आणि यंत्राची ओळख या दोन्ही गोष्टी एकाच ज्वाळेत जळतात.

पुन्हा उभारणी कशाच्या आधारे होते

संग्रहालय १ डिसेंबर २००४ रोजी पुन्हा उघडले. नव्या इमारतीत फवाऱ्यांची योजना बसवण्यात आली. जळालेल्या अनेक गाड्या कारागिरांनी पुन्हा उभ्या केल्या. फाउलरची नॉर्टनही पुन्हा बांधण्यात आली आणि २००७ मध्ये पहिल्या शर्यतीची शताब्दी साजरी झाली, तेव्हा ती तयार होती.

हे कसे शक्य झाले? कारागिराला प्रथम उरलेले धातूचे भाग हवे असतात. त्यानंतर कारखान्याची रेखाचित्रे, सुट्या भागांच्या याद्या, त्याच जातीची दुसरी गाडी कोठे असल्यास तिची मापे, आणि अखेरीस छायाचित्रे. पुष्कळदा याद्या अपुऱ्या असतात, दुसरी गाडी उपलब्ध नसते आणि शर्यतीच्या गाडीत स्वाराने व कारखान्याने केलेले बदल रेखाचित्रात कधीच उमटलेले नसतात. मग छायाचित्र हाच मुख्य साक्षीदार उरतो. तेलाची नळी कोठून वळली होती, पट्ट्याची कप्पी केवढी होती, बैठकीखाली पट्टी होती की बोल्ट, असले प्रश्न छायाचित्रासमोर बसूनच सोडवावे लागतात.

जुने छायाचित्र मात्र भोळेपणाने वाचून चालत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काचा व फिल्म तांबड्या प्रकाशाला दाद देत नसत, निळ्याला मात्र फार संवेदनशील असत. परिणामी तांबडा रंग छायाचित्रात काळा दिसे आणि निळा रंग जवळजवळ पांढरा. काळ्या टाकीवरील तांबडी रेघ अशा चित्रात दिसणारच नाही. ती पाहून कोणी टाकी कोरी काळी रंगवली, तर चूक छायाचित्राची नव्हे, वाचणाऱ्याची म्हणावी लागेल.

डावे-उजवे हीही अशीच अडचण आहे. जुन्या ब्रिटिश गाड्यांचा गिअर उजव्या पायाशी असे. भारतातील बुलेटनेही ही रीत दीर्घकाळ पाळली. निगेटिव्ह उलटी धरून छापली, तर चित्रात गिअर डावीकडे जातो आणि सारी मांडणी चुकते. या बाबतीत बी.एस.ए. कंपनीच्या ‘बँटम’चे उदाहरण मनोरंजक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीकडून भरपाई म्हणून डी.के.डब्ल्यू. कंपनीच्या १२५ घनसेंटिमीटरच्या गाडीचा आराखडा ब्रिटनला मिळाला. तिच्यावरून १९४८ मध्ये बँटम तयार झाली, ती इंजिनाच्या रचनेत डावे-उजवे बदलून, जणू आरशात पाहून काढल्यासारखी. डावीकडचा गिअर त्यामुळे ब्रिटिश सवयीप्रमाणे उजवीकडे आला.

पुन्हा बांधलेले यंत्र ‘तेच’ मानावे काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याचे एकच उत्तर नाही. जगातील पहिली पेट्रोलची मोटारसायकल म्हणून जिचा निर्देश होतो, ती गोट्‌लीप डाइमलर यांनी १८८५ मध्ये जर्मनीत बांधली. लाकडी सांगाडा, दोन्ही बाजूंस आधाराची लहान चाके, अर्ध्या अश्वशक्तीचे इंजिन, असे तिचे स्वरूप होते. मूळ गाडी १९०३ मध्ये कान्श्टाट येथील कारखान्याच्या आगीत जळाली. आज निरनिराळ्या देशांतील संग्रहालयांत दिसतात त्या तिच्या प्रतिकृती होत. त्या पाहून डाइमलर यांचा विचार कळतो, आणि हा लाभ लहान नाही. परंतु त्यांच्या हाताचा ठसा, बसलेल्या माणसामुळे झिजलेली कडा, चुकून पडलेले भोक हे प्रतिकृतीत नसते. म्हणून काय मूळचे, काय दुरुस्त केलेले आणि काय नव्याने केलेले, हे सांगणे हे प्रत्येक संग्रहालयाचे कर्तव्य ठरते. प्रेक्षकानेही ते विचारावे.

छायाचित्रे घेताना

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. संग्रहालयात घेतलेले छायाचित्र ही केवळ प्रवासाची आठवण नसते. काळजीपूर्वक घेतल्यास ते दस्तऐवज होऊ शकते. त्यासाठी महागड्या साधनांची आवश्यकता नाही. आज खिशात असलेल्या मोबाइल फोननेही हे काम होते. मात्र काही नियम पाळावे लागतात.

प्रथम परवानगी. तिपाई व फ्लॅश यांविषयी प्रत्येक संग्रहालयाचे नियम वेगळे असतात, ते दारातच विचारून घ्यावेत. दोरीपलीकडे हात नेऊ नये. घामातील क्षार मुलाम्यावर डाग पाडतात आणि बोटाचा ठसा काही महिन्यांनी गंज होऊन दिसू लागतो.

पहिले चित्र संपूर्ण गाडीचे, थेट बाजूने घ्यावे. कॅमेऱ्याची उंची साधारण इंजिनाइतकी असावी, म्हणजेच छायाचित्रकाराने गुडघे टेकावेत. उभ्याने घेतलेल्या चित्रात गाडी खुजी दिसते आणि इंजिन टाकीखाली लपते. शक्य तितके मागे सरकावे. फार जवळून घेतल्यास, विशेषतः मोबाइलच्या रुंद भिंगातून, जवळचे चाक फुगते आणि दूरचे आक्रसते. चित्रातील दोन्ही चाके खरोखर गोल दिसली, तर प्रमाणे विश्वसनीय आहेत असे समजावे. अशा चित्रावरून मापांचा अंदाज बांधता येतो. चाकाचा किंवा टायरचा आकार ठाऊक असल्यास तोच मोजपट्टीचे काम करतो. त्यानंतर दुसरी बाजू घ्यावी. अनेक प्रेक्षक एकाच बाजूचे चित्र घेऊन पुढे जातात, आणि नेमकी मॅग्नेटोची किंवा तेलाच्या पंपाची बाजू राहून जाते.

चकाकी ही मोठी अडचण. फ्लॅश थेट मारल्यास मुलाम्यावर पांढरा डाग उमटतो आणि भोवतालचा तपशील अंधारात जातो. पोलरायझिंग फिल्टर नावाची काच भिंगापुढे फिरवून लावल्यास रंगावरील व काचेवरील प्रतिबिंबे बरीच कमी होतात. तथापि उघड्या धातूवरून परावर्तित झालेल्या प्रकाशावर तिचा फारसा परिणाम होत नाही. निकेल व क्रोमियम तिला जुमानत नाहीत. तेथे एकच उपाय, तो म्हणजे जागा बदलणे. एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरकले की छतावरील दिव्याचे प्रतिबिंब नळीवरून घसरून जाते. दालनात प्रकाश कमी असेल, तर कोपरे अंगाशी घट्ट धरावेत, खांबाचा आधार घ्यावा आणि श्वास रोखून बटण दाबावे.

रंगांसाठीही सावधगिरी हवी. संग्रहालयांत पुष्कळदा पिवळा, पांढरा आणि खिडकीतून येणारा निळसर असे निरनिराळे प्रकाश एकत्र मिसळतात. अशा मिश्र प्रकाशात निकेल क्रोमियमसारखे दिसू शकते आणि मघा सांगितलेली खूण नाहीशी होते. गाडीशेजारी करडा कागद धरून एक चित्र घेतल्यास पुढे खरा रंग ठरवण्यास मदत होते.

यानंतर तपशील घ्यावेत : कार्ब्युरेटर, तेलाच्या नळ्या, हँडलवरील तरफा, साखळीचे आवरण, बैठकीखालचे जोड. क्रमांक दिसत असतील तर इंजिनाचा आणि सांगाड्याचा असे दोन्ही क्रमांक वेगवेगळे टिपावेत. जुन्या काळी इंजिने सर्रास बदलली जात, म्हणून हे दोन क्रमांक एकाच गाडीचे आहेत की नाहीत, यावर अभ्यासक बराच वेळ घालवतात. शेवटी गाडीसमोरील माहितीफलकाचे छायाचित्र घ्यावे. घरी परतल्यावर दोनशे चित्रांतून कोणती गाडी कोणती, हे केवळ स्मरणाने सांगता येत नाही. दिनांक, स्थळ आणि गाडीचे नाव त्याच दिवशी लिहून ठेवावे.

आपल्या घरातील पुरावे

जुनी वाहने जतन करण्याचे काम भारतातही सुरू झाले आहे. हरियाणातील तावडू येथील ‘हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्यूझियम’ २०१३ मध्ये खुले झाले. तेथे बैलगाडीपासून मोटारीपर्यंतच्या वाहनांत दुचाकीही आहेत. परंतु भारतीय रस्त्यांवर धावलेल्या गाड्यांचा बराचसा इतिहास अद्याप संग्रहालयाबाहेर आहे. मद्रासची बुलेट आणि म्हैसूरला १९६० च्या दशकाच्या आरंभी तयार होऊ लागलेली जावा ही याची ठळक उदाहरणे आहेत. गावोगावच्या मिस्त्रींनी या गाड्यांत आपल्या बुद्धीने बदल केले, भाग मिळेनात तेव्हा ते घडवून बसवले. त्या बदलांची रेखाचित्रे कोणत्याच कारखान्यात नाहीत.

असतील तर ती घराघरांतील छायाचित्रांत आहेत. नव्या गाडीला हार घालून तिच्याशेजारी उभे राहिलेले कुटुंब, टाकीवर बसवलेले मूल, मागे शेताचा बांध किंवा चाळीचा जिना, असे एखादे चित्र पुष्कळ घरांत सापडते. छायाचित्रकाराचे लक्ष माणसांकडे होते, गाडी निम्मी चौकटीबाहेर गेली आहे. तरीही दिव्याचा आकार, टाकीवरील पट्टा आणि क्रमांकाची पाटी त्यात उमटलेली असते. अशा चित्राच्या मागे गाडीचे नाव, वर्ष आणि गाव पेन्सिलीने लिहून ठेवले, तर उद्या एखादे यंत्र पुन्हा उभे करू पाहणाऱ्या कारागिराला त्याचा आधार होईल.